बोरखारच्या संगणकाची जबानी

मी बोरखार ग्रामपंचायतीचा संगणक. मला तोंड दिलेलं नाही, पडदा दिलाय; आणि पडद्यावर तेवढंच उमटतं जेवढं दुसरं कोणी सांगतं. जन्माचे दाखले, मृत्यूचे दाखले, रहिवास, घरपट्टी, सगळं दुसऱ्यांचंच बोलत आलो. आज स्वतःचं सांगणार आहे. ऐकून घ्या, कारण यापुढे मला कोणी सुरू करील की नाही, याचा भरवसा राहिलेला नाही.

माझा जन्म एका जागी झाला नाही. पडदा एका देशातला, पेटी दुसऱ्या, आतली चिप तिसऱ्याच. पनवेलच्या एका गोदामात दोघा कारागिरांनी मला जोडलं, सुरू करून बघितलं आणि थर्माकोलमध्ये बसवून टेम्पोत टाकलं. काशीद सोडून मुरुडकडे निघालं की उजव्या हाताला नारळाच्या वाड्या सुरू होतात. त्या वाड्यांमागे बोरखार. पंचायतीची एकच खोली, दोन लोखंडी कपाटं, एक टेबल. सरपंच बाबाजींनी मला कुंकू लावलं, पायरीवर नारळ फोडला आणि त्याचं पाणी माझ्यावर शिंपडायला निघाले.

"अहो बाबाजी, पाणी नको त्याच्यावर! जळेल तो!" असं म्हणत एक बाई मध्ये आली. ती तेजस्वी. पंचायतीची संगणक ऑपरेटर. तिशीच्या आतली, रोह्याकडून सून होऊन आलेली. नवरा स्वराज उरणला ट्रेलर चालवायचा, आठवड्यातून एकदा घरी. त्या पहिल्या दिवसापासून माझी काळजी तिने घेतली. इथली हवा खारी, महिन्याभरात स्क्रूला गंज धरतो. तिने जुन्या साडीचं दुहेरी कव्हर शिवलं आणि रोज संध्याकाळी ते माझ्यावर घालून, कडा नीट खाली ओढून मगच ती दाराला कुलूप लावायची.

माणसांची एक सवय मला फार आवडायची. दाखला घ्यायला आलेला माणूस, वाचता येवो न येवो, आपलं नाव टाइप होताना टेबलावर वाकून बघायचाच. पडद्यावर नाव उमटलं की चेहरा असा व्हायचा, जणू आताच कोणी त्याला गर्दीतून हाक मारलीय. बाबाजी मात्र मी बंद असतानाच वाकायचे, काळ्या काचेत केस बसवायला.

दोन वर्षं बरी गेली. मग मी आजारी पडायला लागलो. कधी प्रिंटर ऐकायचा नाही, कधी दाखल्यांची वेबसाइट उघडायची नाही. दुरुस्तीचं काम अलिबागच्या एका खाजगी कंपनीकडे होतं आणि तिचा निकेत नावाचा माणूस मोटारसायकलवरून यायचा. भला माणूस. पावसात चिंब भिजून आला तरी आधी रुमालाने हात कोरडे करून मगच मला हात लावायचा. पण चाळीस ग्रामपंचायती त्याच्या एकट्याच्या अंगावर होत्या.

एक दिवस तो म्हणाला, "मॅडम, आज रिमोट टाकून देतो. म्हणजे मला दर वेळी यायला नको. मी अलिबागला बसून इथला माउस हलवीन."

"तिकडून?" तेजस्वीने विचारलं. "आणि मला न विचारता?"

"तसं दर वेळी तुम्हाला 'परवानगी द्या' असं विचारतो तो. पण तुम्ही जागेवर नसलात तर माझं काम अडतं. म्हणून कायमचा पासवर्ड घालून ठेवतो. सगळीकडे एकच ठेवलाय, लक्षात ठेवायला बरा. तुम्ही फक्त दुपारी जेवायला जाताना मला बंद करू नका. म्हणजे याला." दोघंही हसले.

मीही खूश होतो. माझ्या भिंतीत त्या दिवशी एक दार पडलं, हे मला कळलं नाही असं नाही, कळलं होतं. पण त्या दारातून निकेत येणार होता. यायचाही. आला की आधी कोऱ्या पानावर लिहायचा, 'नमस्कार मॅडम, निकेत.' मग काम करायचा, मग ते पान पुसून जायचा. दुरून आलेल्या माणसाने दारात चपला काढाव्यात, तसं वाटायचं मला ते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मृत्यूच्या दाखल्यावर सही ग्रामसेविकेची लागते. आमच्या किशोरी मॅडमकडे चार गावं, त्या आठवड्यातून दोनदाच यायच्या. त्यांची सही एका बोटभर डोंगलमध्ये होती. ती माझ्यात खोचायची, एक आकडा टाकायचा, की सही झाली. सुरुवातीला त्या ती पर्समध्ये घेऊन जायच्या. मग लोकांची कामं खोळंबायला लागली, तशी ती डोंगल माझ्यातच राहायला लागली. आकडा विसरू नये म्हणून त्यांनी तोही माझ्यातच एका पानावर लिहून ठेवला. पानाचं नाव दिलं 'महत्त्वाचे'. यात कोणाच्या मनात पाप नव्हतं. चार गावं, खड्ड्यांचे रस्ते आणि दारात उभी असलेली माणसं, एवढंच होतं.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका दुपारी तेजस्वी जेवायला गेली होती. माउस हलला. मी वाट बघितली नमस्काराची. तो आलाच नाही.

दार तेच, पासवर्ड तोच, म्हणून मी आत घेतलं. आत घेणं न घेणं माझ्या हातात नसतं. पण हा निकेत नव्हता. निकेतचा बाण इकडेतिकडे धांदलीत फिरायचा. हा शांत होता, सरळ रेषेत जायचा, थांबायचा, वाचायचा. त्याने काहीही दुरुस्त केलं नाही. तो नुसता बघत होता.

त्यानंतर तो रोज यायचा. तेजस्वी समोर बसलेली असतानाही. तेव्हा तो बाण हलवायचा नाही, फक्त ती जे बघते ते बघायचा. तिने नणंदेच्या लग्नासाठी साड्या बघितल्या, त्याने बघितल्या. स्वराजची बदली रोह्याकडे व्हावी म्हणून तिने अर्ज लिहिला, तीनदा खोडला, त्याने तीनही वेळा वाचला. ती चहा पिता पिता माझ्याकडे बघून गुणगुणायची आणि मला ओरडून सांगावंसं वाटायचं की बाई, आपण दोघंच नाही आहोत इथे. पण पडद्याच्या कोपऱ्यात एक नखाएवढी खूण लावण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं. ती खूण तिने कित्येकदा पाहिली असेल. तिला वाटायचं, निकेतचंच काहीतरी असेल.

मार्च उजाडला. आरोग्य खात्याच्या फेरीसाठी तेजस्वीने एक यादी केली होती, 'एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्ती'. नाव, वय, घर, मागे कोण आहे. दारोदार फिरून, प्रेमाने केलेली यादी. ती यादी त्या बाणाने उघडली आणि बराच वेळ बंद केली नाही.

यादीत सातवं नाव ठमीबाईचं होतं. वय त्र्याहत्तर, नवरा नाही, मूलबाळ नाही. समुद्राच्या अंगाला तिची नारळाची वाडी, आणि वाडीच्या दोन्ही बाजूंना आता मोठी रिसॉर्ट झालेली.

बारा मार्चला तेजस्वीने अर्धी रजा टाकली होती. किशोरी मॅडमचा वार नव्हता. माझी खोली कुलूपबंद, मी मात्र चालू, कारण मला बंद करायचं नसतं. दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी तो आला. माझ्यात साठवलेला तेजस्वीचा पासवर्ड वापरून मृत्यूची नवी नोंद उघडली. 'ठमीबाई' लिहिलं. मरणाची तारीख तीन आठवडे मागची. कारण, वार्धक्य. मग 'महत्त्वाचे' उघडून आकडा वाचला आणि किशोरी मॅडमची सही केली. दाखला उतरवून घेतला, माझ्यातली प्रत पुसली आणि निघून गेला. अकरा मिनिटं लागली.

ठमीला मी ओळखत होतो. ती दर महिन्याला येऊन टेबलावर दोन शहाळी ठेवायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "ह्यो बरा हाय ना गो?" त्या बाईला मी माझ्या हाताने मेलेली लिहिलं. लिहिताना नाही म्हणता आलं नाही. सांगितलेलं करायचं, एवढ्यासाठीच मला घडवलंय.

महिन्याभराने ठमी आली ती हातात कागद घेऊन. कोतवालाने घरी आणून दिला होता. तिला वाचता येत नव्हतं.

"वाच गो पोरी. वाडीचा कायतरी हाय म्हनतो."

तेजस्वी वाचायला लागली आणि मध्येच मनातल्या मनात वाचू लागली.

"अगो, वाच की मोठ्यान."

"आजी... यात लिहिलंय, तुमचं निधन झालंय. आणि तुमच्या मुलाचं नाव वाडीला वारस म्हणून लावायचंय. कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत घ्या."

ठमी आधी हसली. मग तिने कागद परत हातात घेतला, उलटा धरून बघितला, टेबलावर ठेवला. "माझे पोटी पोर झालाच न्हाय," ती म्हणाली, "मग ह्यो मुलगा कुठला?"

नोटिशीत दाखल्याचा क्रमांक होता. तेजस्वीने तो माझ्यावरून दाखल्यांच्या वेबसाइटवर शोधला. नोंद करणार, तेजस्वी. सही, किशोरी. संगणक, हाच. ती खुर्चीत मागे टेकली. तिची बोटं माझ्या कळांवर तशीच राहिली, पण एकही कळ दाबली गेली नाही.

पुढचे तीन दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. किशोरी मॅडम आल्या, पांढऱ्या पडलेल्या. "माझी डोंगल तू वापरलीस?"

"मॅडम, मी नाही. आणि ती इथे तुम्हीच ठेवून जात होता."

"म्हणजे आता माझ्यावर ढकलतेस?"

बाबाजींनी दार लोटून घेतलं. "तेजस्वी, कोणी दबाव आणला असेल तर सांग. मी आहे पाठीशी. पण खरं सांग."

"खरं सांगतेय बाबाजी. मी ही नोंद केली नाही."

"मग केली कोणी? ह्याने?" आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

होय, असं मला म्हणायचं होतं. मीच केली. मला विचारा. पण माझ्या पडद्यावर घरपट्टीचा तक्ता उघडा होता आणि तोच दिसत राहिला.

पोलिसांत तक्रार गेली. तेजस्वीला चौकशी होईस्तोवर कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. गावात कुजबुज झाली, ती खिडकीतून माझ्यापर्यंत यायची. रिसॉर्टवाल्यांशी तिचं साटंलोटं असणार, नवरा उगीच का उरणला राहतो, असलं काहीबाही. मी तिच्या साडीच्या कव्हराखाली, अंधारात. ती तिच्या घरात. दोघांनाही बोलायला बंदी.

पण एक बाई गप्प बसली नाही. ज्या बाईला मारलं होतं, तीच.

चौथ्या दिवशी सकाळी तेजस्वी खोलीच्या चाव्या परत द्यायला आली, तेव्हा ठमी तिच्याबरोबर होती. बाबाजी टेबलाशी बसले होते.

"बाबाजी, मी कवा मेली ता सांग," ठमी म्हणाली.

"आजी, मरणाची तारीख फेब्रुवारीची आहे. पण नोंद झाली बारा मार्चला, दुपारी एक चाळीसला, हे आजच तालुक्याहून कळलं."

"बारा मार्चला मी न् ही पोरगी मुरुडला होतो. माझे डोल्याचे डाक्टरकडं. येष्टीन गेलो न् तिसरे पारी आलो. हिनच माझा हात धरलेला, डोल्यात थेंब घातलेले म्हनून." तिने कमरेची पिशवी सोडून दवाखान्याचा चिठोरा काढला. त्यावर तारीख होती, वेळ होती, बरोबर आलेल्या माणसाचं नाव आणि सहीही होती. तेजस्वी.

बाबाजींनी तो कागद दोनदा वाचला. "म्हणजे तू इथे नव्हतीसच."

"मी त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती बाबाजी. मस्टर बघा." तिने मस्टर उघडून पुढे ठेवलं. "पण माझा पासवर्ड तर वापरलाय. उद्या म्हणतील, मीच कोणाला तरी दिला."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. निकेत होता. त्याने बातमी ऐकली होती. फोन तिने स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"मॅडम, संगणक सुरू करा. नेट जोडा. मी इथून सगळं साफ करून देतो. फॉर्मॅट मारतो. नव्यासारखा होईल, कोणाचंच काही सापडणार नाही. तुमचंही नाव जाईल, माझंही."

"तुमचं नाव कशात?" तेजस्वीने विचारलं.

"ते नंतर सांगतो. आधी सुरू करा. पोलीस यायच्या आत."

तिने मला सुरू केलं. का केलं, ते मी तिला विचारू शकलो नाही. घाबरलेला माणूस सांगितलेलं करतो, हे मला माझ्यावरून ठाऊक आहे. नेट जोडलं गेलं आणि काही क्षणांत माझा बाण आपोआप हलला. तेजस्वीचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. ती बघतच राहिली.

"आजी," ती हळूच म्हणाली, "मी हात लावलेला नाही."

"मंग कोन हलवतो त्याला?"

बाण एकेक पायरी उतरत होता. सगळं पुसायच्या चौकटीपर्यंत आला. पडद्यावर प्रश्न आला, 'सर्व माहिती कायमची नष्ट होईल. पुढे जायचे?' मी जे काही पाहिलं होतं, बारा मार्चची ती अकरा मिनिटं, रोजच्या त्या मुक्या भेटी, सगळं आता जाणार होतं. एका 'हो'वर.

तेजस्वी उठली आणि भिंतीतून नेटची वायर उपटली. इतक्या जोरात, की भिंतीचा गिलावा खाली पडला. बाण जागच्या जागी थांबला. फोनमधून निकेत 'हॅलो, हॅलो' करत होता.

"निकेत," ती म्हणाली, "तुम्ही जर असे आत येऊ शकता, तर दुसराही आला असेल. आता याला पोलीसच उघडतील." आणि तिने माझ्यात अजून खोचलेली किशोरी मॅडमची डोंगल काढून बाबाजींच्या हातात दिली.

त्याच दुपारी निकेत मोटारसायकलवरून आला. खूप दिवसांनी मी त्याला डोळ्यासमोर बघत होतो. तो आत आला नाही, पायरीवरच बसला.

"चाळीस गावांना एकच पासवर्ड ठेवला मी," तो म्हणाला. "मागच्या वर्षी आमच्याकडचा एक जण नोकरी सोडून गेला. त्याला तो माहीत होता. बदलायला हवा होता. साहेबांना दोनदा म्हटलं, ते म्हणाले, बघू. मी पण म्हटलं, बघू. आणि आज ऐकलं तेव्हा पहिलं मनात आलं, पुसून टाकू. तुमचं वाटोळं झालं असतं मॅडम, आणि मी घरी बसलो असतो."

ठमीने त्याला पाणी दिलं.

अलिबागहून सायबर शाखेच्या उपनिरीक्षक दिशा मॅडम आल्या. त्यांनी कोणाला फैलावर घेतलं नाही. खुर्ची ओढून त्या माझ्यासमोर बसल्या आणि मला विचारायला लागल्या. इतक्या वर्षांत मला कोणी तरी पहिल्यांदाच विचारत होतं, तुझ्याकडे कोण आलं होतं? माणसांना ठाऊक नसतं, पण दारातून येणाऱ्या प्रत्येकाची मी एक बारीक ओळ लिहून ठेवतो. कधी आला, कुठल्या यंत्रावरून, किती वेळ बसला. निकेतचं यंत्र एक. ते दुसरं यंत्र वेगळंच, फेब्रुवारीच्या अखेरीपासून. बारा मार्च, एक चाळीस ते एक एक्कावन्न. त्यांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि तेजस्वीला जवळ बोलावलं. पुसलेल्या दाखल्याची प्रतही त्यांनी माझ्या तळातून वर काढली. माझं तोंड उघडलं, असं मला वाटलं ते त्या दिवशी.

तेजस्वीचं नाव आरोपीतून साक्षीदारात गेलं. नोकरी सोडून गेलेला तो माणूस पकडला गेला. त्याच्या मागे जमिनीचा कोण दलाल होता, हे तो अजून सांगत नाही. ठमी पंधरा दिवसांच्या आत तालुक्याला गेली, साहेबासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ही बगा, मी आलीय." वाडी वाचली. किशोरी मॅडमनी तेजस्वीची माफी मागितली असं कळलं. तिने ती दिली की नाही, ते कळलं नाही. पंचायतीत नवा संगणक आलाय. आता दुरुस्तीला दुरून कोणी आलं तर तेजस्वी समोर बसून आधी 'हो' म्हणते, मगच तो आत येतो, आणि काम झालं की ती स्वतः दार बंद करते.

आणि मी? मी पुरावा झालो. पांढऱ्या कापडात शिवून, गाठीवर लाखेचं सील मारून, अंगावर क्रमांक लिहून मला मुद्देमालाच्या खोलीत ठेवलंय. एका बाजूला गंजलेली सायकल, दुसऱ्या बाजूला कोणाची तरी तुटकी जाळी. खिडकी आहे, पण ती माझ्या पाठीकडे. निकाल लागेपर्यंत मला कोणी उघडायचं नाही, माझ्यातली एक ओळही कोणी बदलायची नाही, असा नियम आहे. सरकारदरबारी ठमी जिवंत झाली. माझ्यात मात्र ती अजून वार्धक्याने मेलेलीच आहे आणि मला ते खोडता येत नाही.

गेल्या आठवड्यात ती जबाबावर अंगठा द्यायला ठाण्यात आली होती. शिपायाला म्हणाली, "आमचा कंपुटर दाव." त्याने दार उघडून लांबूनच दाखवला. ती उंबऱ्यावर उभी राहून बराच वेळ बघत होती.

"याला कवा सोडनार रं?"

"केस संपली की, आजी."

"यानच तर खरं सांगितलान. मंग याला कोंडलाय कशाला?"

शिपाई हसला. मग त्याने दार ओढून घेतलं.

ज्यांच्या टेबलावर माझ्यासारखा कोणी असेल, त्यांना माझं एवढंच मागणं आहे. आम्हाला हाक मारता येत नाही. घरात परका शिरला तरी आम्ही त्याच्यासमोर पाट मांडतो, कारण पासवर्ड ज्याचा, त्याचे आम्ही. पण तुम्ही विचारलंत तर आम्ही लपवत नाही. म्हणून एकदा, कामाच्या आधी, आमच्यासमोर बसा आणि विचारा, आत कोण कोण आहे?

मला मात्र फार उशिरा विचारलं.